द्वारका बोराटे यांचं कपाळ

दूध केंद्रावरच्या चैतालीनं दोन पिशव्या पुढे सरकवल्या आणि अगदी मायेनं म्हणाली, "ताई, आईंचा फोटो बघितला हो. काय देखण्या दिसत होत्या! सासूबाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, बघ, शेवटी कळलं म्हणायचं बाईंना." यावर प्रियदर्शनी "हो" म्हणाली. नुसतं 'हो'. त्या गार, घामेजलेल्या पिशव्या छातीशी धरून ती वळली आणि घराकडे जायच्या ऐवजी बिबवेवाडीचा चढ चढत उलटीच चालत सुटली. बरंच पुढे, एका पंक्चरच्या दुकानासमोर, तिच्या लक्षात आलं की आपण भलतीकडे आलो. हा 'हो' कशाला म्हटला आपण? काय कळलं आईला? ऐंशी ओलांडलेल्या बाईला, वाचा गेलेल्या बाईला, मेल्यावर काय कळणार? कुडत्यावर ओला डाग पसरला होता. पिशवी गळकी दिली वाटतं चैतालीनं, असं मनात येताच तिला हायसं वाटलं, कारण कुणावर तरी चिडता येणार होतं. तिनं पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या. एकही गळत नव्हती.

फोटो न पाहिलेलं माणूस आता पुण्यात शोधावं लागलं असतं. द्वारका बोराटे, म्हणजे तिची आई, ज्या काळात बाईनं घरातलं चव्हाट्यावर मांडणं हेच पाप होतं, त्या काळात 'कोरं कपाळ' नावाचा कथासंग्रह काढून बसली होती. नवरा धडधाकट जिवंत असताना हिनं कुंकू सोडलं, आणि का सोडलं ते छापलं. 'जे दुसऱ्याच्या मरणानं पुसलं जातं, ते माझं कधी नव्हतंच.' हे तिचं वाक्य कॉलेजच्या पोरी मोर्चाच्या पाट्यांवर लिहीत, हल्ली तर पिशव्यांवरही छापत. आणि तीच द्वारका बोराटे त्या फोटोत हिरव्या साडीत, कोपरापर्यंत हिरव्या चुड्यात, केसांत गजरा माळून निजली होती, आणि कपाळभर लालभडक मळवट. शेजारच्या दीपमालानं भाबडेपणानं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ग्रुपवरून तो गावभर झाला, आणि कुणीतरी खाली लिहिलं, 'विद्रोहाची सांगता सौभाग्यात. शेवटची इच्छा पूर्ण.' त्यावर कुणी हात जोडले, कुणी शिव्या दिल्या. शिव्या देणारे आईचे वाचक होते. हात जोडणाऱ्यांनी तिची एक ओळही वाचलेली नव्हती, पण आता ती त्यांची झाली होती. आणि हे सगळं ज्या एका वाक्यावर उभं होतं ते वाक्य आईचं नव्हतं. ते प्रियदर्शनीचं होतं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

ती सकाळ तिला पुनःपुन्हा आठवायची, म्हणजे तिला आठवावी लागायची नाही, सकाळच येऊन मानगुटीवर बसायची. चहाच्या वेळेला आई गेली. लोणी काळभोरहून वेणूआत्या दुपारच्या आत आली, बरोबर हिरवी साडी, चुडा, सगळं घेऊन. वेणूआत्या म्हणजे बापूंची, प्रियदर्शनीच्या वडिलांची, धाकटी बहीण. दारातच तिनं हंबरडा फोडला, आणि हंबरडा संपल्यावर डोळे पुसत व्यवहाराचं बोलली. "सवाष्ण गेली गं माझी वैनी. भाग्याची हाय. तिला काय अशा कोऱ्या कपाळानं न्यायची व्हय? लोकं म्हनतील, दादाच मेला का काय." सोसायटीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. आईच्या हयातीत त्या कधी घरात आल्या नव्हत्या. हिच्याशी काय बोलायचं, असं म्हणून जिन्यातूनच हसून जात. आता एकेक करून वाकत होत्या, आईच्या पायांना हात लावत होत्या. आणि प्रियदर्शनीला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. तिकडे बापू खुर्चीत बसले होते. आत्यानं कुंकवाचा करंडा त्यांच्या हातात दिला, शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं म्हणून. त्यांनी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे. "प्रिया, हिला चालेल का गं?" आईनं याबाबत कधीच काही सांगून ठेवलं नव्हतं. देहदान नाही, मंत्र नकोत, काही नाही. सांगायची गरज तिला वाटली नसणार. आपल्या पोटच्या पोरीला हे सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि पोटची पोर सगळ्या बायकांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली, "हो बापू. तिची तशीच इच्छा होती." बापू गोंधळले. "मला नाही बोलली." "आजारी पडायच्या आधी बोलली होती, माझ्याकडे." एका थापेला टेकू म्हणून लगेच दुसरी. बापूंनी मग करंड्यात बोट बुडवलं. कुंकू त्यांच्या थरथरीनं आईच्या भुवयांवर, नाकावर सांडलं. भिंतीकडच्या कुणीतरी म्हणालं, नाकावर सांडलं की नवऱ्याचं प्रेम असतं हो. आणि बायका रडता रडता हसल्या.

हेच बापू. मराठी कथेतला सगळ्यात समजूतदार नवरा म्हणून यांच्यावर लोकांनी लेख लिहिले. आईची थोरली बहीण विधवा झाली, तेव्हा तिच्या चुलतीनं पदराचं टोक पाण्यात बुडवून तिचं कुंकू पुसलं, ते आईनं दारात उभं राहून पाहिलं. घरी आली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, खसाखसा धुतलं, आणि मग पुन्हा कधी कुंकू लावलं नाही. संध्याकाळी बापू कारखान्यातून आले. तिच्या कपाळाकडे बघून म्हणाले, "आज विसरलीस का?" आई म्हणाली, "नाही." बापू म्हणाले, "बरं," आणि पानावर बसले. हे 'बरं' आईनं जसंच्या तसं कथेत घातलं आणि ते गाजलं. त्या 'बरं'मध्ये केवढी क्रांती आहे यावर परिसंवाद झाले. व्यासपीठावर बसलेले बापू, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणी टाळ्या वाजवल्या की गोंधळून स्वतःही वाजवायचे. त्या 'बरं'च्या मागे आणखी काय होतं, हे परिसंवादात कुणी विचारलं नाही. आईनं तरी विचारलं होतं का, कोण जाणे.

आणि प्रियदर्शनीला कुणी विचारलं होतं? शाळेत पालकसभेला आई यायची, ताठ, खादीची साडी, खांद्याला शबनम, आणि ते लख्ख रिकामं कपाळ. पाचवीला नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी सभेनंतर प्रियदर्शनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "वडील कधी गेले गं बाळ?" गेले नाहीत, आहेत, रोज मला सायकलवरून सोडतात, असं म्हणायला काय जड होतं? पण तो हात पाठीवर इतका ऊबदार होता. तिनं नुसती मान खाली घातली. वर्षभर त्या बाई तिच्याशी मऊ बोलल्या. पुढे ती सायकल फाटकाच्या बरीच अलीकडे थांबवायला लावायची, म्हणजे बाईंना बापू दिसू नयेत. बापू विचारायचे, "इथंच का?" ती म्हणायची, "इथंच." बापू म्हणायचे, "बरं." मैत्रिणींना ती सांगायची, आईला कुंकवाची ॲलर्जी आहे, पुरळ येतं, डॉक्टरांनी बंद केलंय. आईच्या सगळ्या बंडाचा तिनं असा खरूज-नायटा करून टाकला होता. तिला आईची लाज वाटायची. लाज वाटते याचीही लाज वाटायची. त्या दोन लाजांच्या मधल्या बोळातून ती मोठी झाली, बँकेत लागली, अधिकारी म्हणून निवृत्तही झाली.

बरं, आईनं तिला काही कमी केलं होतं, असंही नाही. ती हौसेनं टिकली लावायची, साडीच्या रंगाची. आई एकदाही काही बोलली नाही. "तुझं कपाळ, तू बघ," एवढंच. पुढे तिचा घटस्फोट झाला तेव्हा सोसायटीतली हळदीकुंकवाची बोलावणी आपोआप बंद पडली. संक्रांतीला जिन्यात बायकांच्या बांगड्या वाजत वर जायच्या, तिच्या दारावरून पुढे. एकदा ती अशीच दिवा न लावता बसली होती, तर आई आतून आली, तिच्याजवळ बसली, आणि तिळगूळ फोडून अर्धा तिच्या हातावर ठेवून म्हणाली, "अगं, ज्या घरात शिरायला नवऱ्याची पावती लागते, तिथं नाहीच गेलं तर काय बिघडतं?" आणि दोघी खो खो हसल्या होत्या. त्या संध्याकाळी आईच्या त्या वाक्यांनी तिला हाताला धरून उठवलं होतं, हे तिला पक्कं आठवतं. म्हणजे ती वाक्यं काय ताकदीची आहेत हे तिला बाहेरच्या कुठल्याही वाचकापेक्षा जास्त माहीत होतं. आणि तरी. त्याच बायकांनी आईच्या पायांना हात लावला, तर ही विरघळली. एकदाची माझी आई चारचौघींच्या आयांसारखी झाली! हेच, अगदी याच शब्दांत, तेव्हा मनात आलं होतं. मढ्याच्या बाबतीत माणसाला असलं काही सुचतं, याची तिला आता शिसारी येत होती.

घरी पोचली तेव्हा फोन वाजत होता. उम्मेहानी. ही पोरगी आईच्या लेखनावर पीएचडी करत होती. आईची वाचा गेल्यावरही दर रविवारी येऊन तिच्याच कथा तिला वाचून दाखवायची. न आवडलेलं वाक्य आलं की आई डोळे मिटून घ्यायची, आणि ही तिथं पेन्सिलनं खूण करायची. स्वतःच्याच छापलेल्या गोष्टी आई अशी शेवटपर्यंत खोडत होती. "ताई, एकच विचारते, रागावू नका," उम्मेहानी म्हणाली. "त्यांनी खरंच सांगितलं होतं? मी शेवटचं प्रकरण लिहितेय. सांगितलं असेल तर मी तसंच लिहिणार. मत बदलायचा हक्क आहेच ना त्यांना. फक्त, आमची अख्तरखाला आहे ना, माझ्या आईची बहीण, तलाक झाल्यावर माझ्या आजीच्या घरी ती खोलीतून बाहेर यायची नाही. तिनं तेव्हा बाईंचं पुस्तक वाचलं होतं. काल मला विचारत होती, बाई शेवटी घाबरल्या का गं?" "मी नंतर करते हं फोन, कुकर लागलाय," प्रियदर्शनी म्हणाली. ओट्यावर कुकर नव्हता. दुधाच्या पिशव्या होत्या, त्याही अजून तिच्याच हातात.

खरं बोलायला तिची हरकत नव्हती. खरं म्हणजे होती, पण हरकतीवर तिनं मात केली असती. अडचण आतल्या खोलीत होती. बापू आरशासमोर उभे राहून विरळ केस विंचरत होते. आई गेल्यापासून हा माणूस खचेल, अंथरूण धरेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण बापू उलट ताठ झाले होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "शेवटी माझ्या हातचं घेतलं हं तिनं." प्रियदर्शनी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. "तू सांगितलंस म्हणून कळलं बघ. नाहीतर मी असाच गेलो असतो." तिनं त्यांचा कप जरा जवळ सरकवला. "अगं, मी 'बरं' म्हणालो खरा. पटलंच होतं मला. तिच्या बहिणीचे ते हाल मीही पाहिले होते. पण पटलं म्हणून लागायचं राहतं का? आयुष्यभर वाटत राहिलं, हिला आपलं म्हणून काही नकोच आहे. पुस्तकं तिची, माणसं तिची, नाव तिचं. आपण आपले पिशव्या धरायला. मग म्हटलं, असेल बाबा. मोठी बाई आहे." ते हसले. मग कानातलं मशीन नीट बसवत म्हणाले, "आणि तिच्या मनात हे होतं!" ते मशीन त्यांना कधीपासून लागत होतं. निजताना काढून मुठीत धरलं की शिट्टीसारखं कुंईऽऽ ओरडायचं. आई पलंगावरून म्हणायची, "अहो, तुमचं पाखरू कोकलतंय, मिटवा त्याला," आणि शेवटी स्वतःच हात लांबवून त्याची कळ दाबायची. कानठळ्या बसवणाऱ्या सभांत, आईच्या तासतासभर चाललेल्या वादांत, मशीन काढून खिशात टाकायची सोय असूनही बापूंनी ते कधी काढलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. "तुझी आई बोलत असताना मी एकदाही काढलं नाही," ते म्हणायचे.

तिनं वेणूआत्याला फोन लावला. का लावला कुणास ठाऊक. कुणीतरी चार शब्द सुनावावेत असं वाटलं असेल. "आत्या, आई असं काही बोलली नव्हती गं. मी खोटं बोलले." पलीकडे म्हैस रेकली. मग आत्या म्हणाली, "ते मला तवाच कळलं व्हतं. माझी वैनी मला म्हाईत न्हाई व्हय? पन तू व्हय म्हनलीस, मला बी बरं वाटलं. आता कशाला उकरती? झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा सुखात हाय, त्याला सुखात मरू दे." म्हणजे आत्यालाही ठाऊक होतं. दोघींनी मिळून केलं होतं म्हणायचं. प्रियदर्शनीला यानं धीर यायला हवा होता. तो आला नाही.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा होती. निघताना तिनं स्वतः बापूंच्या मशीनचा सेल बदलला. आईबद्दल लोक चांगलं बोलतील, ते त्यांना नीट ऐकू यावं म्हणून. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. बालपणाच्या दोन आठवणी, आईच्या हातची भाजणी, आभार. त्या फोटोबद्दल चकार शब्द नाही. खोटं बोलायचं नाही, खरंही बोलायचं नाही. पुण्यात अशी भाषणं पुष्कळ होतात, कुणी हरकत घेत नाही. रिक्षात बापू तिच्या शेजारी नवीन शर्टात बसले होते आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत त्यांना बसवलं. व्यासपीठावर आईचा मोठा फोटो होता, तिचा आवडता, चाळिशीतला, बापूंनीच काढलेला. मान किंचित तिरकी, ओठांत हसू दाबलेलं, आणि ते कपाळ. प्रियदर्शनीनं नीट पाहिलं. काचेवर, कपाळाच्या बरोबर मध्यावर, कुणीतरी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. ओलसर, ठसठशीत. कुणी टेकवलं ते विचारायची गरजच नव्हती. कुणीही टेकवलं असेल. हार घालणाऱ्यानं, समई लावणाऱ्या बाईनं, ज्याला ज्याला ठाऊक होतं की बाईंची शेवटची इच्छा होती, अशा कुणीही, अगदी श्रद्धेनं. आता हे असंच चालणार. पुण्यतिथीला, शताब्दीला, प्रत्येक फोटोवर एक बोट. आईनं मोरीत बसून खसाखसा धुतलं होतं ते कपाळ, आणि बाहेर आल्यावर जन्मभर ते तसंच सांभाळलं होतं, लोकांच्या नजरा झेलत, स्वतःच्या पोरीची खाली गेलेली मान बघत. बघत होतीच ती. शाळेतली ती ॲलर्जीची गोष्टसुद्धा तिच्या कानावर गेली असणार. ती काही बोलली नाही. पोरगी मोठी झाली की समजेल, एवढाच तिनं विचार केला असेल. पोरगी साठीला आली.

तिचं नाव पुकारलं गेलं. माईककडे जाता जाता ती फोटोपाशी थांबली. टेबलावरच्या भांड्यातल्या पाण्यात तिनं पदराचं टोक बुडवलं आणि काचेवरचं कुंकू पुसलं. एका दमात गेलं नाही, फराटा पसरला, म्हणून तिनं पुन्हा पदर भिजवला आणि पुन्हा पुसलं. सभागृहात 'अहो, अहो' अशी कुजबुज उठली. नवरा समोर जिवंत बसलेला, आणि लेक आईचं कुंकू ओल्या पदरानं पुसते आहे! कुणीतरी बाई मोठ्यानं 'शिव शिव' म्हणाली. तिच्या स्वतःच्याही बोटांना आपण काय करतोय ते कळत होतं. मग ती माईकशी गेली. "माझ्या आईची अशी कुठलीही इच्छा नव्हती," ती म्हणाली. तिनं घसा खाकरला. "ती कधीही, काहीही बोलली नव्हती. मी खोटं बोलले. मला ती इतरांच्या आयांसारखी दिसायला हवी होती. लहानपणापासून हवी होती. ती जिवंत असताना माझी हिंमत झाली नाही. ती बोलू शकत नाही असं बघून मी तिच्या कपाळाला हात लावला. ती घाबरली नव्हती. मी घाबरले." शेवटचं वाक्य बोलताना ती मागच्या रांगेतल्या उम्मेहानीकडे पाहत होती. पुढच्या रांगेकडे पाहायची तिची छाती झाली नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. एक खुर्ची करकरली आणि कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला.

परतताना रिक्षात बापू पाट्या वाचत नव्हते. शर्टाच्या बाहीला कसलासा दोरा लोंबत होता, तो ओढत बसले होते. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा प्रियदर्शनी म्हणाली, "बापू, चुकलं माझं." एकदा म्हणाली, मग आणखी जवळ सरकून म्हणाली. बापूंनी तिच्या ओल्या पदराकडे पाहिलं. टोक गुलाबी झालं होतं. "बरोबर बोललीस," ते म्हणाले. "तुझी आई हेच बोलली असती." त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. मग सावकाश हात वर नेला, कानातलं मशीन काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"बापू," ती म्हणाली. ते बाहेर बघत होते. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. तिनं मूठ मिटली, आणि मिटल्या मुठीत ते कुंईऽऽ करत ओरडायला लागलं. रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "ताई, कसला आवाज येतोय?" बापूंना काही ऐकू आलं नाही. मिटवायची कळ कुठं असते, ते आईला ठाऊक होतं.